वाचकांचे प्रश्न : फुकटची रॉम आणि रात्री दोनचा मेसेज

गेल्या महिन्यात या सदरात मी जुन्या मोबाईलवर नवं अँड्रॉइड बसवण्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि जाता जाता म्हटलं, की एके काळी मीही असली पोर्टिंगची, म्हणजे नवं अँड्रॉइड जुन्या फोनच्या मापाचं करण्याची, हमाली करायचो, पुढं सोडली. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य होतं : 'माझ्या फोनसाठी लिंक द्या.' फोन कुठला, ते कुणीही लिहिलेलं नाही. सवय जात नाही बघा. उरलेल्यांतली चार पत्रं इथं घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्र रात्र जागून मोबाईलसाठी 'रॉम' बनवतो आणि लोकांना फुकट देतो. जेवताना फोन वाजला की त्याचा चेहरा उतरतो. परवा तो अंघोळीला गेला असताना मी मेसेज वाचले. वाचायला नको होते, पण वाचले. ओळखदेख नसलेली माणसं त्याला आईवरून शिव्या देतात, कॅमेरा चालत नाही म्हणून. विचारलं तर म्हणतो, "तुला नाही कळणार." ही कोण माणसं आहेत? त्यानं त्यांचं काय घेतलंय? त्याचे बाबा म्हणतात, सगळं बंद करून टाक. मी काय करू?
— एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, आधी तो करतो काय ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी 'तुला नाही कळणार' म्हणाला की तुम्हीच त्याला दोन शब्द ऐकवाल.

कंपनी फोन विकते, काही काळ अपडेट देते आणि मग त्या मॉडेलकडे पाठ फिरवते. फोन मात्र धडधाकट असतो. अँड्रॉइडचा मूळ कोड गूगलनं खुला ठेवलाय, तो कुणीही घेऊ शकतं. तुमचा मुलगा तो घेतो आणि त्या जुन्या फोनच्या मापाचा करतो. हीच ती रॉम. अडचण अशी, की कॅमेरा, मॉडेम, ब्लूटूथ चालवणाऱ्या फाइली कंपनीनं बंद पेटीत दिलेल्या असतात. आत काय लिहिलंय ते दिसत नाही आणि बदलता येत नाही. आमच्यात त्यांना 'ब्लॉब' म्हणतात. जुन्या अँड्रॉइडसाठी केलेला ब्लॉब नव्या अँड्रॉइडशी बोलायला तयार नसतो. मग मध्ये दुभाषा लिहायचा, तोही अंदाजानं. कॅमेरा नेहमी शेवटी चालू होतो, तो यामुळंच. तुमच्या मुलाला शिव्या खाव्या लागतात त्या या बंद पेटीपायी.

पहिला अँड्रॉइड फोन एचटीसी ड्रीम २००८ साली आला, तेव्हापासून ही मंडळी हे करताहेत. स्टीव्ह कॉन्डिकनं त्या फोनसाठी सुरू केलेलं सायनोजेनमॉड नावाचं असलंच हौशी अँड्रॉइड पुढं शेकडो मॉडेलांवर चाललं. डिसेंबर २०१६ मध्ये ते बंद पडलं आणि त्याच कोडवर लिनेजओएस उभं राहिलं. या लोकांचा एक जुना नियम आहे : 'नवी रॉम कधी येणार?' असं विचारायचं नाही. कुणी नवखा विचारतोच आणि मग बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. त्या गडबडीत ज्यानं काम करायचं त्याची रात्र जाते ती जातेच.

मी यात पडलो तो २०१६ च्या दिवाळीआधी, सांगलीत, विश्रामबागच्या आमच्या घरी. माझा सहा-सात हजारांचा फोन कंपनीनं वाऱ्यावर सोडला होता. अँड्रॉइडचा सोर्स, म्हणजे तो मूळ कोड, उतरवायचा म्हणजे प्रचंड डाउनलोड, आणि घरचं ब्रॉडबँड मुंगीच्या पावलांचं. पण त्याच ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं होतं आणि वर्षअखेरपर्यंत रोज चार जीबी फुकट होतं. त्या चार-चार जीबीनं, वाटी वाटीनं हौद भरावा तसा, मी तीन आठवड्यांत सोर्स घरात आणला. कॉम्प्युटर सेकंडहँड, आठ जीबी रॅमचा. एक बिल्ड, म्हणजे सोर्सपासून फोनवर टाकता येईल अशी तयार रॉम, व्हायला सात तास. रात्री जेवून लावायचं, पहाटे उठून बघायचं. पडद्यावर शेवटची ओळ लाल दिसली की दिवस खराब.

ज्या जिओनं सोर्स आणून दिला, त्यानंच पुढं माझी झोप घालवली. त्यांचं नेटवर्क तेव्हा नुसतं फोर-जी, म्हणजे कॉल लागायचा तो व्होल्टीवर, फोर-जी डेटावरूनच आवाज नेणाऱ्या सोयीवर. व्होल्टी चालवणारी फाइल पुन्हा बंद पेटीतली. माझी पहिली बिल्ड मी एका शुक्रवारी रात्री टाकली. सोमवारपर्यंत अडीचशे जणांनी उतरवली होती. मला मेसेज आले अकरा. त्यातले नऊ 'जिओचा कॉल जात नाही', एक 'भाई नेक्स्ट अपडेट कब', आणि एक नुसतं 'नाइस'. उरलेल्या दोनशे एकोणचाळीस जणांचं काय झालं? बहुतेकांचं बरं चाललं असणार. ज्याचा फोन नीट चालतो तो माणूस गाणी ऐकत झोपतो, तो कशाला मेसेज करेल? आमच्या गल्लीत नळाला पाणी सोडणारा एक माणूस होता. पाणी वेळेवर आलं म्हणून त्याला कुणी कधी फोन केला नाही. वीस मिनिटं उशीर झाला की त्याच्या बायकोलाही फोन जायचे. तुमच्या मुलाच्या फोनवर जे वाजतं ते तसलं आहे. त्याला स्वतःला हा हिशेब ठाऊक असेलही, पण रात्री दोनला अकरा मेसेज वाचताना आठवत नाही. मला तरी आठवायचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी शिव्या देणाऱ्याला कधी दिसत नाही. एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे डिस्प्ले बसवते. जो स्वस्त मिळाला तो. डबा सारखा, नाव सारखं, आतला टच वेगळा. माझ्या फोनवर जी बिल्ड लोण्यासारखी चालायची, ती दुसऱ्याच्या फोनवर टाकली की टच ठार मेलेला. त्याला वाटायचं मी न तपासता टाकली. मला वाटायचं हा खोटं बोलतोय. दोन आठवडे आम्ही एकमेकांना वाट्टेल ते बोललो. शेवटी मिरजेत स्टेशन रोडला एका रिपेअरिंगवाल्या मामांकडं गेलो. त्यांच्या खोक्यात त्याच मॉडेलचा, फुगलेल्या बॅटरीचा एक फोन पडला होता. "दोन दिवसांत आणून दे, गिऱ्हाइकाचा आहे," म्हणाले. उघडून बघतो तर आत दुसराच डिस्प्ले. कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यात, त्या टचचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, चालू करणं हे एका ओळीचं काम निघालं. तो माणूस खरंच बोलत होता आणि मी त्याला नको नको ते ऐकवून बसलो होतो. माफी मागायला गेलो तर त्यानं मला ब्लॉक केलेलं.

आता तुमचं. बंद करायला लावू नका, ताई. तो चोरून करेल आणि मग जेवायलाही बाहेर येणार नाही. कुणी आईवरून बोललं तर उत्तर न देता ब्लॉक करायचं, समजूत घालत बसायचं नाही, हे त्याला तुमच्या तोंडून सांगा. शिवी तुमच्यावरून आहे, त्यामुळं तुमचा अधिकार मोठा. बिल्ड टाकताना 'काय चालत नाही' याची यादी सगळ्यात वर टाकायला सांगा. लोक ती वाचत नाहीत, पण शिवी आली की तिकडं बोट दाखवता येतं आणि मन हलकं राहतं. ग्रुपवर प्रश्नांना उत्तरं द्यायला दुसरा एखादा मुलगा बसवावा. कोड लिहिणाऱ्यानं दारात बसू नये. फोन रात्री बाहेरच्या खोलीत. त्याच्या बाबांना सांगा, की माझ्या आजच्या नोकरीच्या मुलाखतीत पदवीबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. त्या एका ओळीच्या ड्रायव्हरबद्दल मात्र पाऊण तास विचारलं. आणि जेवण-झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली तर मात्र रॉम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

एक करून बघा. 'आज काय बिघडलं' असं त्याला जग विचारतंच. तुम्ही 'आज काय चालू झालं' ते विचारा. पण गॅस बंद करून विचारा, कारण तासभर तरी जाईल.

प्रश्न : मी मोबाईलवर प्लेस्टेशन टूचे गेम खेळायचो, एथरएसएक्स-टू या ॲपवर. ते बनवणाऱ्यानं काम बंद केलं. मी त्याला एक स्टार दिला होता, 'लॅग होतो, वेस्ट ॲप' असं लिहून. आता मित्र म्हणतात, तुझ्यासारख्यांमुळंच बंद पडलं. एका स्टारनं कुणी काम सोडतं का?
— वय १९, नागपूर

उत्तर : एका स्टारनं नाही सोडत. तुझ्या मित्रांना सांग, सगळं तुझ्या डोक्यावर टाकू नका.

पण झालं काय ते ऐक. प्लेस्टेशन टू हे २००० सालचं गेम खेळायचं मशीन. त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा पीसीएसएक्स-टू हा प्रोग्रॅम बरीच वर्षं चालत आलेला, तोही हौशी लोकांनी लिहिलेला. तो डेस्कटॉपच्या प्रोसेसरसाठी. मोबाईलचा प्रोसेसर वेगळ्या घराण्यातला, एआरएम. म्हणजे गेममधली एकेक आज्ञा, गेम चालू असतानाच, एआरएमला कळेल अशी करून द्यायची. एकानं हे करून दाखवलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये प्ले स्टोअरवर फुकट ठेवलं, तेच तुझं एथरएसएक्स-टू. सोबत स्पष्ट सांगितलं होतं, की स्नॅपड्रॅगन ८४५ च्या तोडीची चिप हवी. ती चिप म्हणजे २०१८ च्या महागड्या फोनांतली. आपल्याकडं दहा-बारा हजारांच्या फोनांत तिच्या जवळपासचंही काही नसायचं. शिवाय माली जातीचा ग्राफिक्सचा भाग असलेल्या फोनांवर ड्रायव्हरची रडगाणी वेगळीच. तुझा फोन कुठला ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस. रिव्ह्यूतही लिहिलं नसशील.

जानेवारी २०२३ मध्ये त्यानं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. कारणं त्यानंच दिली : त्याच्या नावानं वावरणारे तोतये, न संपणाऱ्या तक्रारी, मागण्या, आणि शेवटी जिवे मारण्याच्या धमक्या. हे सगळं हौसेखातर केलं होतं, हौसच उरली नाही तर कशाला करायचं, असा त्याचा सूर होता. नंतर दुसऱ्या काही लोकांनी त्याच्याच एका जुन्या आवृत्तीला ठिगळं लावून ती नेदरएसएक्स-टू या नावानं चालू ठेवली. ती चांगली चालते. पण घर ज्यानं बांधलं तो निघून गेला आणि पोरं रंग देताहेत, असा तो प्रकार.

धमकी देणारे चार-दोन असतील. तू त्यांच्यातला नाहीस. पण मी तुला माझ्या अनुभवानं सांगतो, धमकी ही तेराशेव्या पायरीवर येते. आधीच्या बाराशे नव्व्याण्णव पायऱ्या 'लॅग होतो' या दोन शब्दांच्या असतात. त्यातला एकेक उघडायचा, वाचायचा आणि बंद करायचा, कारण त्यात करण्यासारखं काहीच नसतं. 'अमुक फोन, तमुक गेम, पहिल्याच लेव्हलला पाणी दिसलं की अडकतो' असं लिहिलं असतंस, तर एक स्टार देऊनही तू त्याचं काम केलं असतंस. स्टारचं काय एवढं. मी तर चिडक्या माणसांच्या अचूक तक्रारींवर जगलोय.

प्रश्न : फुकट देतो म्हणजे उपकार करतो का? चुकीचं काम केलं तर बोलायचंच नाही? एवढं लागत असेल तर पैसे घ्या आणि नीट द्या. हॉटेलात फुकट चहा दिला म्हणून त्यात माशी चालते का?
— ठाणे

उत्तर : माशी नाही चालत. बोला. पण आधी पैशांचं सांगतो.

मी बिल्डच्या खाली पेटीएमचा नंबर टाकला होता. दोन वर्षांत एकूण चौदाशे रुपये आले, त्यातून एक एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरची वेगवान डिस्क, आली नाही. एका गृहस्थानं पन्नास रुपये पाठवले आणि सात मिनिटांनी लिहिलं, "मी पैसे दिलेत, माझं वाय-फाय आधी करा." मी पन्नास परत पाठवले. त्यानं ते पुन्हा पाठवले. ही टोलवाटोलवी तीनदा झाली. शेवटी मी नंबर काढून टाकला, तेव्हा कुठं शांतता.

बोलण्याचं म्हणाल तर कुणाशी बोलतोय हे आधी बघावं. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग नावाचा माणूस आहे. हाताच्या तळव्याएवढ्या म्युझिक प्लेअरांवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं रॉकबॉक्स ज्यांनी सुरू केलं त्यांच्यातला एक. आर्कोसच्या प्लेअरपासून सुरुवात झाली, पुढं आयपॉडपर्यंत गेलं, सगळं फावल्या वेळात. त्याचाच कर्ल नावाचा, इंटरनेटवरून माहिती आणणारा-पाठवणारा प्रोग्रॅम आज फोन, टीव्ही, गाड्या, सगळीकडं असतो आणि परवान्याच्या मजकुरात त्याचं नाव आणि ईमेल छापलेलं असतं. परिणाम असा, की गाडीतला नकाशा बंद पडला की लोक मेनूत शोधत जातात, एकुलतं एक माणसाचं नाव सापडतं, आणि त्यालाच मेल करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये एकानं त्याला 'तुला कापून काढीन' असा मेल पाठवला. स्टेनबर्गनं तो जसाच्या तसा प्रसिद्ध केला. गाड्या तो बनवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तक्रारीचं हत्यार कसं होतं हे बघायचं असेल तर मोबाईलबाहेरचं एक उदाहरण देतो. एक्सझेड हा फाइल दाबून लहान करणारा छोटा प्रोग्रॅम, जगभरच्या सर्व्हरांवर असणारा. फिनलंडचा लासे कॉलिन तो एकटा सांभाळायचा. २०२२ मध्ये अचानक काही नावांनी मेल यायला लागले, की काम फार मंद चाललंय, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसरा माणूस नेमा. त्यातलं एक नाव तर आपल्याकडचं वाटावं असं. कॉलिननं उत्तरात आपल्या मानसिक त्रासाबद्दल लिहिलं, हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही लिहिलं. दबाव चालूच राहिला आणि जो मदतनीस कधीचा गोड बोलून काम करत होता त्याच्या हाती हळूहळू किल्ल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये त्याच्या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्ध्या सेकंदानं मंद वाटलं म्हणून. तक्रार करणारी ती नावं बनावट होती असंच आता मानलं जातं. थकलेल्या माणसाला कुठं दाबायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं, कारण खरे लोक रोज तसंच दाबत असतात.

आणि आता माझं पाप. २०११ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर, २.३ ची आवृत्ती होती ती, मराठी म्हणजे नुसते चौकोन. कुणा परदेशी माणसाची रॉम टाकली, तरी चौकोन. मी त्याला सणसणीत लिहिलं, की सव्वाशे कोटींचा देश तुम्हाला दिसत नाही का. त्यानं आठवड्याभरात देवनागरीचा फाँट घालून नवी बिल्ड दिली. चौकोन गेले, अक्षरं आली, पण 'किल्ला'चं झालं असं की वेलांटी 'क'च्या मागं उभी आणि 'ल्ल' फुटून दोन तुकडे. मी पुन्हा लिहिलं, "अजूनही चूकच आहे." त्याचं उत्तर आलं, ते मला आजही पाठ आहे. म्हणाला, मला ही लिपी वाचता येत नाही, त्यामुळं चूक कुठली आणि बरोबर कुठलं हे मला दिसत नाही. बरोबर कसं दिसतं ते दाखवशील?

मी वहीच्या पानावर पेननं मोठं 'किल्ला' लिहिलं. वेलांटीवर बाण काढला, ही डावीकडं. जोडाक्षराभोवती गोल काढला. शेजारी फोनवर दिसणारं वेडंवाकडं लिहिलं, त्यावर फुली. फोटो काढून पाठवला. त्यानं आणखी दहा शब्द मागितले. 'क्षत्रिय', 'ज्ञान', 'तऱ्हा' असले वेचून काढलेले अवघड शब्द मी लिहून दिले. 'तऱ्हा'मधला तो अर्धा 'र' बघून त्यानं विचारलं होतं, "हे अक्षर आहे की सजावट?" पुरतं काही झालं नाही, कारण अक्षरं जुळवण्याचं यंत्रच त्या आवृत्तीत धड नव्हतं, ते पुढच्या अँड्रॉइडमध्ये आलं. पण त्या दहा शब्दांच्या पानाआधी मी त्याला दोनदा शिव्या दिल्या होत्या आणि त्याला त्यातून काही म्हणजे काहीही कळलं नव्हतं.

तर ठाणेकर, माशी दिसली तर सांगा. कुठल्या कपात, ते पण सांगा.

प्रश्न : तुमची रॉम मी वापरली आहे, त्या वेळी ग्रुपवरची भाषाही वाचली आहे. नेमक्या कुठल्या शिवीनंतर सोडलंत?
— बार्शी

उत्तर : शिवीनं नाही सोडलं. शिव्यांची सवय होते. आठव्या-नवव्या दिवशी त्या वाचताना मी चहात बिस्कीट बुडवत असायचो.

२०१८ च्या उन्हाळ्यात जत तालुक्यातल्या एका माणसाचा मेसेज आला. "सर, फोन बंद असला की गजर वाजत न्हाई. आधी वाजत हुता. जमलं तर बघा." बस. एवढंच. तो गावातलं दूध गोळा करायचा. साडेचारला टेम्पो यायचा. वीज रात्री असेल-नसेल म्हणून झोपताना फोन बंद करायची त्याला सवय. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये बंद फोनवरही गजर वाजायची सोय होती. ठरल्या वेळी चिप स्वतः जागी होते आणि गजरापुरता फोन उठवते. माझ्या रॉममध्ये ती सोय गेली होती, आणि मला ती असते हेच माहीत नव्हतं. एका पहाटे टेम्पो निघून गेला आणि चाळीस लिटर दूध घरी राहिलं. हे त्यानं मला तिसऱ्या मेसेजमध्ये सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

त्यानं ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर ब्लॉक करून मोकळा झालो असतो. पुढचे तीन आठवडे मी रोज रात्री ती सोय परत आणायच्या मागं लागलो. दुसऱ्या फोनांच्या फाइली आणून जोडल्या, फोन दोनदा पार मेला, पुन्हा उठवला. गजर काही वाजेना. ऑफिसात डुलक्या काढायचो. डोळ्यासमोर दूध.

एका रात्री आई पाणी प्यायला उठली. "अजून तेच का रे?" म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला म्हणावं, बंद कशाला करतोस? ते विमानाचं चित्र असतं ते दाब. मी झोपताना तेच करते, गजर वाजतो की माझा."

एअरप्लेन मोड. बॅटरी जवळपास तेवढीच वाचते आणि गजर वाजतो. मी तीन आठवडे चिपच्या पोटात शिरलो होतो आणि फोन बंद का करतोस एवढं त्या माणसाला विचारायचं राहिलं होतं. त्या महिन्यात मी इंदूरच्या एका पोराकडं सगळं सोपवलं. त्याच्याकडं माझ्यापेक्षा चांगलं मशीन होतं आणि झोपही पुरती होत असावी. मला पुण्यात नोकरी लागली होती, तेही एक कारण होतंच.

जतच्या माणसाला मी त्याच रात्री कळवलं होतं. सकाळी सहाला उत्तर आलं.

"वाजला सर. टेम्पो गावला. आता त्ये कॅमेऱ्याचं कवा हुतंय?"